ऐंशी म्हणजे निम्मं

“सुरुवातीपासून लावलंस ना, तर बघ!” नीलाकाकूंनी इरावतीला हळूच दम भरला. “आज त्या माणसाला खुर्चीवरून उतरवायचाच.”

तो माणूस म्हणजे चेअरमन नंदकिशोर सामंत. मुलुंडच्या त्या सोसायटीत वर्षानुवर्षं पदाला चिकटलेले. काढायचं तरी कसं? वार्षिक सभेत मतदानाआधी चेअरमनचं भाषण, आणि भाषण असलं की निम्म्यावर येईपर्यंत एकेक जण चहाच्या निमित्ताने सटकायचा. मतदानाला उरायचं कोण? सामंत आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. की झाले पुन्हा चेअरमन!

यंदा घशाचं ऑपरेशन झालं, बोलायची बंदी आली. सगळ्यांना वाटलं, सुटलो. कसलं काय! पठ्ठ्याने ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भाषण रेकॉर्ड करून इरावतीकडे दिलं. ऑफिसातून आली की ती लॅपटॉपवर गाणी जुळवत बसते, हे त्यांना ठाऊक होतं.

तिच्या प्रोग्रॅममध्ये आवाजाचा कुठलाही तुकडा एक कळ दाबली की वाजतो. शेजारच्या रकान्यात आकडा घातला, की तो पहिल्यापासून न वाजता मधूनच सुरू होतो. ढोलाचा ठोका असो नाहीतर सामंतांचं भाषण, त्याला काय! तिथे ऐंशी म्हणजे बरोबर निम्मं. कॉम्प्युटरचं गणित ते, आपण डोकं लावू नये. निम्मं भाषण गाळलं की माणसं मतदानापर्यंत टिकतील, म्हणून इरावतीने ऐंशी घातले. पार्किंगमध्ये सभा भरली होती आणि सामंत गळ्याला मफलर गुंडाळून समोरच बसले होते. तिला फार वाईट वाटलं, पण तिने कळ दाबली.

“...असो,” स्पीकरमधून सामंत बोलू लागले. “इथवर आलो की समोर कोणीच नसतं. तरी दरवर्षीप्रमाणे विचारतो. मला हे पद झेपत नाही हो. पहाटे पाण्याचा पंप, मग लिफ्टवाला, मग गळतीवरून शिव्या. गोराईला बहिणीकडे चार दिवस जाईन म्हणतो, तेही जमत नाही. गेली कित्येक वर्षं मी याच ठिकाणी राजीनामा देतोय. मंजूर असेल, तर कृपा करून हात वर करा.”

सामंत ताडकन उभे राहिले. भाषणाच्या या टोकाला आज पहिल्यांदाच माणसं हजर होती! आनंदाने त्यांचे डोळे भरून आले.

“अरे, मग पंप कोण चालू करणार यार?” मागून कोणीतरी विचारलं.

सगळ्यांच्या माना नीलाकाकूंकडे वळल्या. काकूंनी घाईघाईने दोन्ही हात मांडीखाली सारले.

“असं काय करता, सामंतसाहेब?” त्या म्हणाल्या. “तुमच्याशिवाय आहे कोण आम्हाला?”

एकच हात वर गेला. सामंतांचा. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी दुसराही वर केला.