माळ्यावरचे पार्ट

बाबांची जुनी, बंद पडलेली फोर-व्हील ड्राइव्ह जीप दादाच्या नावावर होती, पण नऊ वर्षं दर रविवारी तिच्याखाली आडवा पडलेला असायचो मी. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, सगळं बदललं. काढलेला एकही पार्ट फेकायचा नाही ही माझी खोड. माळा भरला म्हणून बायको करवादायची.

ज्या दिवशी जीप पहिल्यांदा टेकडी चढली, त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. "बाबांनी माझ्या नावावर ठेवलेली गाडी मला हवी. पुढच्या रविवारी न्यायला येतो."

मी आठवडाभर रजा टाकली आणि माळ्यावर चढलो.

रविवारी दादा चार मित्रांना घेऊन मिरवत आला. दारात जीप उभी होती. टायर सडलेले, इंजिन जाम.



"बाबांनी ठेवली होती तश्शीच आहे, दादा. एक स्क्रूही माझा नाही. ढकलायला माणसं आणलीस, बरं केलंस."