पेन्सिलीचे ठिपके

यमक्याने कादंबरी उघडली आणि गोष्ट सोडून आधी ठिपके शोधले. होते. शब्दांखाली पेन्सिलीने हलकेच टेकवलेले, मुद्दाम बघितल्याशिवाय दिसणार नाहीत असे. एका पानावर ‘भिंतीला’, पुढे ‘माझा’, मग ‘आवाज’, आणि बऱ्याच पानांनंतर ‘पाठ’. त्याने शब्द ओळीने मांडले. कविताच होती की ही!

यमक्या हे ऑफिसातलं नाव. दिवसभर वीजबिलाच्या खिडकीमागे बसायचं आणि उरलेला वेळ पुस्तकात डोकं खुपसायचं, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं. कविता तो कॉलेजपासून करत होता. छापून मात्र एकही आली नव्हती. चाळिशी उलटली तसं हे त्याच्या मनाला फार लागायला लागलं, आणि नेमकं तेव्हाच वाचनालयात हे घबाड सापडलं.

ठिपके एकाच माणसाने परत केलेल्या पुस्तकांत असायचे. हे गृहस्थ ऊन असो वा पाऊस, छत्री घेऊन यायचे. कडक इस्त्री, हळू आवाज. पुस्तक टेबलावर ठेवायचे, दुसरं उचलायचे आणि निघायचे. यमक्याने मनाशी ठरवून टाकलं, बुवा छुपा कवी असणार. त्यांचे शब्द आपण उचलतोय हे त्यांना कळलं तर चारचौघांत अब्रू जाईल, या भीतीने तो त्यांच्या नजरेला नजर देत नसे. पुस्तक घ्यायला मात्र पहिला हजर.

कविता पुरी झाली तेव्हा त्याने ती बायकोला वाचायला दिली. ती भाजी निवडत होती.

“कोण कोंडून पडलंय?” तिने विचारलं.

“कोणी नाही. एकटेपणाचं प्रतीक आहे ते.”

“प्रतीकाला तहान लागते?” तिने पुन्हा वाचलं. “आणि हे काय, ‘औषधाच्या दुकानावर, चौथा मजला’?”

“ते काढणार आहे. लयीत बसत नाही.”

“तुला कुठून सुचलं हे सगळं?”

“आतून,” यमक्या म्हणाला. बायकोने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि भाजी धुवायला उठली.

कविता रविवारच्या पुरवणीत आली, नावासकट. ऑफिसात पेढे वाटून झाले. साहेबांनी चक्क पाठ थोपटली. यमक्या दोन दिवस तरंगत होता. तिसऱ्या दिवशी वाचनालयात शिरला, तर छत्रीवाले त्याचीच वाट बघत उभे होते.

“कविता तुमची ना?”

“हो. म्हणजे, आपली एक...”

“ओळखीची वाटली.”

वाचनालयाच्या बाई कान टवकारून ऐकत होत्या. छत्रीवाल्यांनी छत्रीची मूठ शांतपणे पुसली.

“रविवारी घरी वाचून दाखवली. हिला. सगळी पुस्तकं तिच्यासाठीच न्यायचो मी. मला कुठली आलीय वाचनाची आवड.”

“आवडली त्यांना?”

“रडली.” ते किंचित हसले. “तुम्हा लोकांना घरातलं सगळं बरोबर कळतं.”

मग ते बाईंकडे वळले. सभासदत्व बंद करायचं म्हणाले. वाचून वाचून बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय, आता पुस्तकं नकोत. त्यांनी शेवटचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि बाई बोलायच्या आत ते जिना उतरूनही गेले.

यमक्याचा जीव भांड्यात पडला. चोरी पकडली गेली नव्हती. लिहिणारी ती होती तर, आणि ती काही भांडायला येणार नव्हती. झरा आटला याचं वाईट वाटलं, पण निदान एक शेवटची कविता तरी पदरात पडेल. त्याने पुस्तक ओढून घेतलं आणि उभ्या उभ्याच चाळलं.

ठिपके या वेळी हलके नव्हते. पेन्सिल कागदातून आरपार गेली होती. शब्दही चारच होते: ‘वाचलंत’, ‘तरी’, ‘आला’, ‘नाहीत’.