नाव झाकून

“क्लबला द्यायच्या तक्रार-अर्जात एक जागा मोकळी सोडली आहे,” घड्याळवाले काका म्हणाले. “टिंगूला कोणी घालवलं त्याचं नाव तिथे येईल. ते तू शोधायचंस. सही मात्र आत्ताच करून टाक.”

तिने सही केली.

“ही सही आहे की पाल? शेपूट माझ्या नावावर आणून ठेवलीस!”

“सवय आहे काका. शाळेपासूनची.”

टिंगू म्हणजे इथल्या बास्केटबॉल संघातला सगळ्यात बुटका आणि सगळ्यांचा सगळ्यात लाडका खेळाडू. आठ वर्षं तो इथे खेळला. मंगळवारी क्लबने त्याला दुसऱ्या शहराच्या क्लबला देऊन टाकलं आणि बदल्यात दोन उंच खेळाडू घेतले. तेव्हापासून काकांच्या घड्याळ-दुरुस्तीच्या दुकानात एकही घड्याळ दुरुस्त झालं नव्हतं.

“मला कळत नाही ते हे,” दुकानात येऊन बसलेल्या बस-कंडक्टर बाई म्हणाल्या. “दोन देऊन एक नेला. तोही तिशी उलटलेला, गुडघ्याला पट्टा बांधणारा. ते वेडे की आपण?”

“आपल्याला माहीत नाही असं काहीतरी त्यांना माहीत असणार,” काका म्हणाले.

“माझ्या लेकीने त्याचं चित्र भिंतीवरून काढलं, परत लावलं, परत काढलं. आता भिंतीचा रंगच निघालाय.”

काम तिच्यावर आलं, कारण सामन्यात ती मैदानालगतच्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर बसत असे. तिथे बसणाऱ्याने टाळी वाजवायची नसते. आठ वर्षांत तिने एकदाही वाजवली नव्हती. टेबलावर घड्याळ असतं म्हणून काका तिला ‘माझ्या धंद्यातली’ म्हणत. तिने ते कधी खोडून काढलं नव्हतं.

शिवाय मोजणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं. रक्त-तपासणीच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायची. मोजण्याआधी काचेवरच्या रुग्णाच्या नावावर चिकटपट्टी लावायची. “नाव कळलं की डोळा त्याला हवं तेच बघतो,” असं ती नव्या मुलींना बजावायची.

दुपारच्या सुट्टीत ती क्लबच्या व्यवस्थापकाला भेटली. त्याचा चेहरा चार दिवसांच्या शिव्यांनी उतरलेला होता.

“मी विकला नाही हो त्याला. त्यांनीच मागितला. आकडे पाहून.”

“कुठले आकडे?”

“असिस्टचे. सामन्यामागे नऊ, घरच्या मैदानावर. इतके पास देणारा दुसरा कोणी नाही म्हणाले. दोन तरणेबांड उंच समोर उभे केले. मी नाही कसं म्हणणार? खरं सांगू? मलाही तो नवाचा कधी वाटला नव्हता.”

ती गोंधळून बाहेर पडली. त्याची चीडही आली. नवाचा वाटला नव्हता म्हणजे काय?

बास्केटबॉल संघटनेच्या कपाटातून तिने सगळ्या सामन्यांचे तक्ते काढले. घरच्या मैदानावर टिंगूचे सरासरी नऊ असिस्ट. बाहेरगावी पाच. माणूस तोच, हात तेच, चेंडूही त्याच मापाचा. मग चार पास वाटेत कुठे सांडतात?

संध्याकाळी ती तक्त्यांचा गठ्ठा घेऊन तडक दुकानात गेली.

“बाहेरगावचे लोक त्याचे पास खात होते, काका! आठ वर्षं!”

“मग त्यांचं नाव लिहू?”

“आधी पुरावा हवा. आपले नऊ खरे आहेत, एवढं दाखवलं की झालं. शेवटच्या सामन्याचं चित्रण आहे ना तुमच्याकडे?”

होतं. सगळ्यात वरच्या रांगेतून मोबाइलवर घेतलेलं. खेळाडू अंगठ्याएवढे, पाठीवरचे नंबर पुसट.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “उलट बरंच. दोन्ही संघांचे सगळे पास मोजू. मी फक्त ‘धरा’ किंवा ‘सोडा’ म्हणेन. कोणाचा पास ते तुम्ही भिंगातून बघा, मला सांगू नका.”

काकांनी घड्याळाचे बारीक स्क्रू घेतले. टिंगूचे डबीत, बाकीच्यांचे ताटलीत.

“नियम काय?”

“पास मिळाला आणि लगेच बास्केट झाली तर असिस्ट.”

“लगेच म्हणजे किती लगेच?”

“ते लिहिणाऱ्याने ठरवायचं.”

त्यांनी सामना पाहिला. “धरा. धरा. हा सोडा. पास मिळाल्यावर त्याने चेंडू तीनदा आपटला, गिरकी घेतली, मग टाकला. यात पास देणाऱ्याचं काय कर्तृत्व?”

सामना संपला. काकांनी डबी उघडली. पाच स्क्रू.

“खाली पडले असतील,” ती म्हणाली.

काकांनी टेबलाखाली हात फिरवला. काही नव्हतं. त्यांनी सामना पुन्हा लावला. पुन्हा पाच. तिने त्या सामन्याचा तक्ता ओढून घेतला. त्यावर नऊ होते.

काकांनी मांडीवर थाप मारली. “म्हणजे बाहेरगावचे बरोबर! आपल्याकडचाच कोणीतरी दर सामन्याला चार जास्तीचे वाढतोय त्याच्या पानात. म्हणून त्यांना तो हिरा वाटला. अगं, नाव सापडलं की! तक्त्याखाली लिहिणाऱ्याची सही असते ना?”

तिने हातातला तक्ता गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

काकांनी सवयीने डोळ्याला भिंग लावलं आणि घरच्या मैदानावरचा एकेक तक्ता उलटत गेले. सगळीकडे सही एकच होती.

“अक्षर काही लागत नाही बुवा,” ते पुटपुटले. मग भिंग सहीच्या टोकाशी थांबलं. तिथे एक लांब शेपूट होती. काकांनी ते डोळ्यावरून न काढताच हळूच शेजारचा अर्ज ओढला आणि आपल्या नावावर आलेली शेपूट पाहिली.