चौथी तपासणी

"प्लास्टिक हाय," म्हणत आण्णांनी विमान परत दिलं. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा.

हवाई दलात वीस वर्षं लढाऊ विमानांचे पत्रे तपासलेला माणूस. त्यांच्यासाठी त्यांच्या लेकीने, उत्कर्षाने, वीतभर मॉडेलवर आधी चकचकीत काळा रंग दिला, त्यावर चंदेरी फवारा मारला, मऊ फडक्याने घासून घासून पॉलिश केलं. धूळ बसू नये म्हणून सोलापूरच्या एप्रिलमध्ये पंखासुद्धा लावला नव्हता.

"आण्णा, दिसायला अगदी खऱ्या पत्र्यासारखं झालंय की."

"दिसत आसंल. माज्या हाताला पत्रा लागत न्हाय."

आण्णा भिंतीकडे वळले. शुगरने डोळे गेल्यापासून ते असेच पडून असायचे. हे विमान तेवढं हातात घ्यायचे. उद्या तेही नको म्हणाले तर?

त्यांना पाणी द्यायला तिने स्टीलचा तांब्या उचलला. तो हाताला गार लागला.

तिने विमान फ्रीजरमध्ये ठेवलं आणि दर पाच मिनिटांनी दार उघडून बघत राहिली. गारठ्याने रंग उकलला, तर सगळं संपलं.

तासाभराने तिने ते आण्णांच्या तळहातावर ठेवलं. त्यांची बोटं पंखावरून सरकली आणि मध्येच थांबली. रंग सुटला की काय?

आण्णा उठून बसले.

"दव पडलंय गं लई," ते म्हणाले. "फडकं आण आदी. उडायच्या आत पुसाय पायजे."