माश्यांनी निवडलेला पाय

पांढरकवड्याला हायवेवर ट्रक दुरुस्त करणाऱ्या रहमत मिस्त्रीचा डबा घेऊन त्याची मुलगी मेहनाज आली. बाजूला जिलेबी उघडी पडली होती, तरी माश्या ती सोडून अब्बांच्या फाटक्या बुटाभोवतीच घोंगावत होत्या. तिनं हट्टानं बूट काढायला लावला. अंगठ्याखालच्या जखमेत अळ्या वळवळत होत्या.

"अब्बा, दुखत नव्हतं काय?"

"दुखलं असतं तर तुले सांगतलं नसतं काय, बेटा?"

दवाखान्यात डॉक्टरांनी चिमट्यानं अळ्या काढल्या. "या माशीला चिघळलेल्या जखमेचा वास लांबून येतो. अंडी घालायला ती तीच जागा शोधते," ते म्हणाले. "शुगरमुळे पाय बधिर झालाय तुमचा. आता दुसरा बघू. डोळे मिटा, सुई टोचली की सांगा."

"तो चांगला हाय साहेब. त्याच्याच भरवशावर तर उभा राह्यतो मी," म्हणत रहमतनं डोळे मिटले.

डॉक्टरांनी टाचेला सुई टोचली, मग तळव्याला, मग बोटांना. मेहनाजनं ओढणी तोंडावर घट्ट दाबून धरली.

"टोचा ना साहेब," रहमत हसून म्हणाला, "मी कायले भेतो!"