शहाऐंशी सेकंद

मोजमाप घेणारा माणूस दिसला की हात जड करायचे, हे बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या त्या मोटार कारखान्यात कुणाला शिकवावं लागत नसे. दामोदरनं तर त्यात नाव काढलं होतं. गाडीचं पुढचं डावं दार बसवायला त्याला एरवी चोपन्न सेकंद लागत. आज सुमंत टॅब घेऊन शेजारी उभा राहिला, आणि शहाऐंशी लागले.

लबाडी म्हणून बोट ठेवावं असं त्यात काही नव्हतं. दामोदरनं दार बिजागरीला टेकवलं, पुन्हा उचललं, पुन्हा टेकवलं. प्रत्येक बोल्ट फडक्यानं पुसला. शेवटी फटीवरून बोट असं फिरवलं की बघणाऱ्याला वाटावं, केवढा हा कामसू माणूस. पलीकडे उजवं दार बसवणारी अनुसूया हसू दाबत होती. ती चारच महिन्यांपूर्वी कायम झाली होती.

भरभर काम दाखवलं की वरचे लोक तोच वेळ नेहमीसाठी ठरवून टाकतात आणि चौघांचं काम तिघांवर येतं. सव्वीस वर्षांत दामोदरनं हे दोनदा पाहिलं होतं. शिवाय तो युनियनच्या कमिटीत. जूनमध्ये भांडून महिना नऊ हजारांची वाढ मिळवली, तेव्हा अख्ख्या शिफ्टला म्हैसूर पाक त्यानंच वाटला होता.

"और एक बार?" सुमंतनं विचारलं. तो पुण्याच्या मुख्य कचेरीतून आला होता. तिशीचा असेल.

"घ्या की, सार."

या खेपेला अठ्ठ्याऐंशी. सुमंत आकड्याकडे बघतच राहिला. दामोदर अनुसूयेकडे वळून म्हणाला, "लई चिवट आहे गं हा. स्वल्प पण हलंना."

"काका, तुम्ही मराठी?" सुमंतनं विचारलं.

दामोदर जरा ओशाळला, पण क्षणभरच. "चारशे वर्षं झाली आम्हाला इथं येऊन. तुम्ही काल आलात, सार."

"मग एक रिक्वेस्ट आहे, काका. तिसरं रीडिंग शेवटचं. प्लीज, तुम्ही रोज करता ना, अगदी तसं करा."

कचेरीतला माणूस गोड बोलायला लागला म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे दामोदरनं ओळखलं. त्यानं एकोणनव्वद सेकंद घेतले. दार बसलं तेव्हा पुढची गाडी येऊन टेकलीच होती.

दहाच्या सुट्टीत सुमंत कॉफीचा कप घेऊन त्याच्या बाकावर येऊन बसला. कॉफी तशीच हातात होती.

"काका, हे तुमचं काम वाढवायला नव्हतं."

"मग कशाला?"

"नवीन गाडी येतेय. ती इथे बनवायची की दुसऱ्या राज्यातल्या नव्या प्लँटमध्ये, हे ठरतंय. इथली गाडी अजून दोन वर्षं चालेल. नंतर ही लाइन बंद."

दामोदरनं आपला कप खाली ठेवला.

"तिथे पगार इथल्यापेक्षा चाळीस टक्क्यांनी कमी आहे," सुमंत म्हणाला. "जूनपासून तर सगळे तेच धरून बसलेत. मी मीटिंगमध्ये भांडलो. म्हटलं, बेंगळुरूची माणसं महाग आहेत, पण त्यांचा हात बसलेला आहे. ते म्हणाले, मोजून आण."

"तिथं दाराला किती लागतात?"

"त्र्याण्णव. सगळी नवी माणसं आहेत. तुमचं पंचावन्नच्या आत आलं असतं, तर पगाराचा प्रश्नच राहिला नसता."

दामोदरला भीती वाटली, आणि ती स्वतःसाठी नव्हती. तो दीड वर्षात निवृत्त होणार होता. समोर अनुसूया कुणाला तरी हातवारे करून त्याची फडक्याची नक्कल दाखवत होती आणि सगळे खिदळत होते.

"आधी का नाही सांगितलंस?" सार वगैरे तो आता विसरला होता.

"सांगायचं नाही अशी ऑर्डर होती. सांगितलं की म्हणे लोक मुद्दाम जोर लावतात, खरा आकडा मिळत नाही."

"मग पुसून टाक ते."

"मोजलं की थेट वर जातं, काका."

"सरी, बरं. परत मोज."

"परत मोजायला कारण लिहावं लागतं." सुमंतनं टॅब उघडून मोकळी चौकट दाखवली. "काय लिहू? कामगारांनी मुद्दाम वेळ काढला? मग ते म्हणतील, अशा माणसांना एवढा पगार कशाला."

दामोदर त्या चौकटीकडे बघत राहिला. त्यानं उभ्या आयुष्यात कचेरीला कामगारांविरुद्ध एक शब्द दिला नव्हता. चार वर्षांपूर्वी असल्याच आरोपावरून एकाची चौकशी लागली, तेव्हा त्याच्या बाजूनं साहेबांशी तोच भांडला होता. तो माणूस शेवटी घरी बसलाच.

"कामगारांनी नको," तो म्हणाला. "दामोदरनं काढला, असं लिही. टोकन नंबर चारशे बारा. मशीनला दोष नाही, बाकी कुणाला दोष नाही."

"काका, चौकशी लागेल तुमची."

"ठाऊक आहे."

भोंगा झाला. लाइन हलली. "अण्णा, गाडी आली!" अनुसूयेनं हाक मारली. दामोदर उठला नाही.

"आधी लिही," तो म्हणाला. "मग ये. दार कसं बसवतात ते दाखवतो."