सवतीचं हँडल

समोर सिमेंटचा टँकर रांगत होता. तिने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि मनगट हलकंच पिळलं. तीनशे सीसीची स्कूटर जराही न कुरकुरता पुढे सरकली आणि टँकर बघता बघता मागे पडला. मागे बसलेला नवरा नेहमीप्रमाणे म्हणाला, एवढी घाई कशाला, दवाखाना काही पळून जात नाही. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हायवेवर हेल्मेटमध्ये पुढच्याला मागचं ऐकू येत नाही, ही सोय तिला फार उशिरा कळली होती.

स्कूटर खरं तर त्याची. दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा तो वरात आणल्यासारखा घरी आला होता. रविवारी सकाळी आधी स्कूटरची अंघोळ, मग स्वतःची. सीटखाली अख्खं हेल्मेट मावतं, हे तर त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला उघडून दाखवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हाती चावी द्यायची म्हटलं की हा विषयच बदलायचा. ती त्या स्कूटरला सवत म्हणायची. सवतीला धुतलंत का, सवतीला पाणी पाजलंत का, असं चालायचं.

आणि सात महिन्यांपूर्वी हा बाबा पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढला आणि उजव्या खांद्यावर आपटला. इतकी वर्षं हायवेवर केसाला धक्का लागला नाही, आणि पाडलं कुणी, तर घरातल्या स्टुलाने. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी हँडलला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

दोघांची कामं एकाच रस्त्यावर, घरापासून चौतीस किलोमीटरवर. तो एका ऑफिसात पुलांचे नकाशे काढायचा, त्याच्या पलीकडे दोन इमारती सोडून तिचा पुस्तकबांधणीचा कारखाना. कामाच्या वेळेला बस नाही. तिच्याकडे लायसन्स होतं, पण तिची मजल म्हणजे लेकीच्या जुन्या हलक्या स्कूटरवरून बाजारापर्यंत. पहिल्या दिवशी या धुडावर बसताना तिचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. तो मागून सांगत होता, ब्रेक दोन्ही एकदम दाब, घसरणार नाही, गाडी सांभाळून घेते.

तिने सांभाळून घेतलं खरंच. महिन्याभरात बाईच्या अंगात वारं शिरलं.

सव्वीस वर्षं तिला रस्ता म्हणजे नवऱ्याची पाठ. कुठल्या शर्टाची शिवण कुठे उसवली आहे हे तिला पाठ होतं, पण वळणानंतर तळं आहे हे माहीत नव्हतं. आता तळं दिसायचं, त्यावरचे बगळे दिसायचे, उतारावर समोरच्या काचेला थडकून वारा डोक्यावरून निघून जायचा. कारखान्यातल्या बायका गेटवर उभ्या राहून बघायच्या. सवत हा शब्द घरातून कधी गेला, ते तिलाही कळलं नाही.

आज तपासणी होती. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या की उद्यापासून हँडल त्याचं. आणि तिला ते नको होतं. मनातल्या मनात तिने स्वतःला किती तरी शिव्या घातल्या होत्या. नवऱ्याचा खांदा बरा होऊ नये असं वाटणारी बायको जगात दुसरी नसेल. त्यात तो बिचारा रोज संध्याकाळी डाव्या हाताने स्कूटर पुसत बसायचा. ते बघून ती घाईने स्वयंपाकघरात शिरायची. तो मात्र कुरकुर म्हणून करायचा नाही. दर महिन्याला एकटाच आत जाऊन यायचा आणि बाहेर बाकावर बसलेल्या तिला सांगायचा, अजून थोडे दिवस म्हणाल्या.

दवाखान्याच्या आवारात ती उतरली. त्याने सवयीने स्कूटर एका हिसक्यात मधल्या स्टँडवर घेतली. तिने वळून पाहिलं, तेव्हा तो खांदा चोळत होता.

"अहो, कशाला पण? मी होते ना."

"विसरलोच बघ," तो म्हणाला आणि केसपेपरच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

रांगेत आठ माणसं होती. तिने मनाचा हिय्या केला, पाणी पिऊन येते म्हणून सांगितलं, आणि मागच्या दाराने थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली.

बाई कुणाचे तरी रिपोर्ट बघत होत्या. त्यांनी बसायला सांगितलं. तिला बसवेना. हेल्मेट पोटाशी धरून तिने एका दमात सगळं सांगून टाकलं, तळं, बगळे, कारखान्याचं गेट, सगळं. मग आवाज खाली गेला.

"मला लाज वाटते हो सांगायला. पण त्यांना आज हो म्हणू नका. सहा महिने तरी. त्यांचा जीव आहे त्या गाडीत, हे मला कळतं. पण एकदा हँडल त्यांच्या हातात गेलं, की मी पुन्हा मागे. माझ्यासाठी एवढं खोटं बोलाल का?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता ओरडा बसणार, असं तिला वाटलं.

"चार महिने झाले त्यांचा खांदा ठणठणीत होऊन," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून दर महिन्याला येतात, पाच मिनिटं इथे बसतात, आणि बायकोला कळू देऊ नका, फार छान चालवते हो ती, एवढं सांगून जातात."